भरतीला बेट, ओहोटीला वाट

नागपूरला समुद्र नाही, पण झिरो माइलच्या दगडावर समुद्राचा हिशेब कोरलेला आहे: उंची 1020.171 फूट. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. आणि समुद्रसपाटी म्हणजे वर्षानुवर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवून काढलेली सरासरी. किनाऱ्यावर कुणीतरी पाणी चढता-उतरताना मोजत बसलं, म्हणून आपल्या शहराची उंची ठरली!

तेच पाणी कामावर असलेलं बघायचं तर अलिबाग गाठा. समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. भरतीला तो बेट असतो. जायचं तर होडी. काही तासांनी यावं, तर समुद्राचा तळ उघडा पडलेला, ओली वाळू आणि खडक, आणि त्यावरून घोडागाड्या खडखडत किल्ल्याकडे निघालेल्या. असा चमत्कार दिवसातून दोनदा घडतो, तोही रोज साधारण 50 मिनिटं उशिरा, कारण समुद्र घड्याळ पाहत नाही, चंद्र पाहतो.

चंद्र पाहतो म्हणजे तिथी पाहतो. कोकणातलं गणित तोंडपाठ करण्यासारखं आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी? चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवा की ओहोटी, नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. वेळ पर्यटकाला सोयीची, पण फसायला होतं! अष्टमीच्या सुमारास ‘भांग’ असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. वाट पाण्याखालीच राहू शकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच दूर ओसरतं.

ही जागा शिवाजी महाराजांनी हेरली. बांधकाम 1680 मध्ये सुरू झालं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकमेकांवर रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. माझ्या मते किल्ल्यातली सगळ्यात बुद्धिमान गोष्ट हीच. कान्होजी आंग्र्यांच्या काळात 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले आणि हात हलवत परतले.

आत गेलं की आणखी एक नवल. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची पुष्करणी! शेजारी गणपतीचं मंदिर, पंचायतनासह.

तटावर चाकांच्या दोन तोफा आहेत. लोक त्यांना कान्होजींच्या तोफा समजून फोटो काढतात. पण त्यांच्यावर इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचं नाव आहे आणि साल 1849. कान्होजी तर 1729 मध्येच गेले होते.

आंग्र्यांचं राज्य 1840 मध्ये वारस नसल्याचं कारण देऊन इंग्रजांनी खालसा केलं. नागपूरकरांना हे कारण ओळखीचं वाटेल: 1854 मध्ये भोसल्यांचं नागपूरही असंच गेलं.

जगात अशी बेटं थोडीच आहेत असं नाही. फ्रान्सचं मों-सें-मिशेल तर जगप्रसिद्ध. पण तिथे आता पूल आहे. कुलाब्याला अजून वाट समुद्रच उघडतो.

आणि समुद्र नाही म्हणून नागपूरने हिरमुसू नये. चंद्र-सूर्याच्या ओढीने घट्ट जमिनीलाही भरती येते. सीताबर्डीच्या टेकडीसकट सगळं शहर रोज दोनदा वर-खाली होतं, कधी फूटभराच्या आसपास. आजूबाजूचा सगळा मुलूखच एकत्र हलतो, म्हणून कळत नाही.

कुलाब्याला जाणार असाल तर पावसाळा टाळा आणि निघण्यापूर्वी कॅलेंडरवर तिथी पाहा. त्या दिवसाची नेमकी वेळ किनाऱ्यावर विचारून घ्या. घोडागाडीवाल्याने ‘आता निघा’ म्हटलं की फोटो अर्धा राहिला तरी निघा. पाणी वळलं की वाट लवकर बुडते.