कॅमेरा उंबऱ्याबाहेरच

लोणावळ्याचा बंगला असो की गोव्यातला व्हिला, दोन-चार दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्या मालकाची धास्ती काही खोटी नसते. सहा जण सांगून सोळा येतात, मध्यरात्र उलटली तरी स्पीकर धडधडत राहतो, आणि गाडी गेटबाहेर पडल्यावर केअरटेकरला सोफ्यावरचे डाग दिसतात. अशा वेळी हॉलच्या कोपऱ्यात एक कॅमेरा टांगून द्यावा, असं कुणालाही वाटेल. एअरबीएनबीवर तसं चालतही होतं. हॉल, पॅसेज अशा सामायिक जागी, पाहुण्यांना आधी कळवून कॅमेरा लावायला मुभा होती. ११ मार्च २०२४ रोजी कंपनीने ती मुभा काढून घेतल्याचं जाहीर केलं. ३० एप्रिलपासून जगभर घराच्या आतला कॅमेरा पूर्ण बाद झाला. खोली कुठलीही असो, पाहुण्यांना सांगितलेलं असो वा नसो, फार काय, कॅमेरा बंद करून ठेवलेला असला तरी चालत नाही.

ही शेवटची अट मालकांना जाचक वाटते, पण मला सगळ्या नियमात तीच शहाणपणाची वाटते. कॅमेरा खरंच बंद आहे की नाही, हे समोर बसलेल्याला कळायला मार्गच नसतो. चालू असल्याची खूण म्हणून असलेला बारका दिवा कित्येक कॅमेऱ्यांत ॲपमधून विझवता येतो. ज्या यंत्रांत तो कॅमेऱ्याशी कायमचा जोडलेला मानला जाई, तिथेही भरवसा उरलेला नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ॲपलच्या जुन्या लॅपटॉपमधल्या कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअर बदललं आणि दिवा न लागताच चित्रण करून दाखवलं.

उघड कॅमेऱ्याची ही गत, मग लपवलेल्याचं काय बोलावं! दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी मार्च २०१९ मध्ये उघड केलेल्या प्रकरणात दहा शहरांतल्या ३० मोटेलांच्या ४२ खोल्यांत कॅमेरे सापडले. सुमारे १,६०० पाहुण्यांचं चित्रण इंटरनेटवर थेट दाखवलं जात होतं. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, भिंतीतला सॉकेट, हेअर ड्रायर अडकवायचा स्टँड, या त्यांच्या जागा. भिंग एक मिलिमीटरचं. खोलीत सॉकेटकडे पाहतो कोण? आणि वस्तू विजेच्या जोडणीजवळची असली की कॅमेऱ्याची बॅटरी संपायचीही चिंता नाही.

एवढंसं भिंग शोधायची खटपट प्रकाशाच्याच एका गुणावर चालते. भिंग आलेला प्रकाश मागच्या सेन्सरवर एकवटतं. सेन्सर त्यातला थोडा परत फेकतो, आणि तो त्याच भिंगातून, आला त्याच वाटेने, उगमाकडे माघारी जातो. रात्री घाटात हेडलाइट पडल्यावर मांजराचे डोळे चमकतात, तसंच हे. म्हणून टॉर्च हात लांब करून धरला तर काही दिसत नाही. डोळ्याला लावूनच धरावा लागतो, आणि अंधाऱ्या खोलीत एकेका वस्तूवरून सावकाश फिरवावा लागतो. पंचाईत अशी की स्क्रूचं डोकं, काच, चकचकीत प्लास्टिक हेही चमकतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या आणि कोरियाच्या योनसेई विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये यावर तोडगा काढला. काही महागड्या फोनांत अंतर मोजण्यासाठी लेझरचा सेन्सर असतो. त्याच्या मदतीने त्यांनी भिंगाची चमक इतर चमकांतून निवडली. त्यांच्या चाचणीत नुसत्या डोळ्यांनी ४६ टक्के कॅमेरे सापडले, या पद्धतीने ८८.९ टक्के. निकाल उत्तमच, पण उरलेले अकरा टक्के आपल्याच खोलीत निघाले तर?

दुसरी वाट वाय-फायची. कॅमेरा चित्र पाठवताना दर वेळी अख्खी चौकट पाठवत नाही, बऱ्याचदा मागच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतो. खोली रिकामी असताना डेटा कमी जातो, कुणी इकडून तिकडे गेलं की वाढतो. मजकूर कूटबद्ध असला तरी हा चढउतार झाकला जात नाही, आणि त्यावरून कॅमेरा ओळखता येतो. अर्थात चित्रण मेमरी कार्डावर साठवणाऱ्या कॅमेऱ्यापुढे ही युक्ती बाद. तो हवेत काही सोडतच नाही.

थोडक्यात, लपवणं स्वस्त आहे आणि शोधणं कष्टाचं. सुट्टीवर आलेल्या माणसाने हातात टॉर्च घेऊन गुप्तहेर का व्हावं? सरसकट बंदीचा फायदा इथे आहे. आत कॅमेरा दिसला की नियम मोडला. ‘तो सामायिक जागेत होता’, ‘जाहिरातीत खाली लिहिलं होतं’, ‘बंदच होता हो’, असल्या वादाला जागाच उरत नाही.

मग मालकाने काय करावं? दार आणि गेट त्याचंच आहे. बाहेरच्या कॅमेऱ्याला परवानगी आहे, फक्त तो आहे आणि साधारण कुठे आहे हे बुकिंगआधी सांगावं लागतं आणि त्यातून घराचा आतला भाग टिपायचा नाही. दारावरच्या कॅमेऱ्याचं भिंग मुद्दाम खूप रुंद असतं. दार उघडलं की अर्धा हॉल त्यात येऊ शकतो, तेव्हा त्याचं तोंड कुठे आहे ते एकदा स्वतः फोनवर पाहावं. सहाचे सोळा झाले हे गेटवरच मोजता येतं. गोंगाटासाठी डेसिबल मोजणारं यंत्र सामायिक जागेत, तेही आधी सांगून, चालतं. त्यातही मायक्रोफोन असतोच, पण शब्द ओळखू येण्यासाठी आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने जपावे लागतात. हे यंत्र ठरावीक वेळाने आवाजाच्या पातळीचा एक आकडा तेवढा कळवतं. त्या आकड्यातून कुणाचं भांडण ऐकू येत नाही. आपल्याकडे निवासी भागात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आकडा त्यापुढे गेला की शेजाऱ्याने पोलिसांना फोन करण्याआधी केअरटेकरला पाहुण्यांचं दार वाजवता येतं. पार्टी चालू आहे हे कळायला नाचणाऱ्यांचे चेहरे लागत नाहीत.

आता आपल्याकडची अडचण. अलिबागचे, दापोलीचे कितीतरी बंगले ओळखीपाळखीतून, व्हॉट्सॲपवर ठरतात. तिथे कुठल्या कंपनीचा नियम चालणार? कायदा असतो, पण त्याची मजल बेडरूम-बाथरूमपर्यंत. खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणं किंवा टिपणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई हे कलम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडतं, पण ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबद्दल. हॉलमध्ये पत्ते कुटत, गप्पा मारत बसलेल्या कुटुंबाचं चित्रण या दोन्हींत सरळ बसत नाही. म्हणून ॲडव्हान्स पाठवण्याआधी त्याच चॅटमध्ये विचारून घ्यावं: आत कॅमेरा आहे का, बाहेर कुठे कुठे आहेत, रेकॉर्डिंग कोण पाहतं? फोनवर नको. लेखी उत्तर पुढे दाखवता येतं.