एकांकिका लिहू इच्छिणाऱ्यांसाठी: तीन नाटके आणि काही पथ्ये

नाताळ किंवा धर्मग्रामाचा सण जवळ आला की आपल्या युवक-युवतींची पहिली विचारणा असते, ‘यंदा कोणती एकांकिका बसवायची?’ तयार संहिता मिळतात. परंतु आपल्या गावाचे सुखदुःख त्यांत क्वचितच असते. ते आपल्यापैकीच कुणीतरी लिहावयास हवे. अशा होतकरू लेखकांसाठी आम्ही येथे तीन नाटके सुचवीत आहोत. जवळच्या नाट्यगृहात प्रयोग लागल्यास अवश्य पाहावा. एरवी ग्रंथालयातून छापील संहिता आणून वाचावी.

पहिले, गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ (१९८०). कोकणातील एका गावची हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक करावयास उभी राहतात आणि त्यांची तारांबळ उडते, एवढीच कथा. परंतु ती मालवणी बोलीत आहे. मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेल्या या नाटकाचे हजारो प्रयोग झाले आणि मालवणीला रंगभूमीवर मान मिळाला. वसईत मात्र घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारी आजी रंगमंचावर येताच पुस्तकी मराठी बोलू लागते. ती आजी प्रेक्षकांना खरी वाटत नाही. नव्या पिढीच्या तोंडून बोली निसटत असताना ती आपण रंगमंचावरूनही घालवावी काय, याचा लेखकांनी विचार करावा.

दुसरे, विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७). प्रयोगासाठी एका गावी आलेली नाटकमंडळी वेळ घालविण्यासाठी लटका खटला मांडतात. आरोपी ठरते त्यांच्यातीलच बेणारे ही शिक्षिका. पाहता पाहता खेळ मागे पडतो आणि एका स्त्रीचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते. एक खोली, एक दुपार आणि मोजकी पात्रे यांतून केवढे नाट्य उभे राहते, हे येथे शिकावे. कमी खर्चात एकांकिका बसविणाऱ्यांना हा धडा विशेष उपयोगी आहे.

तिसरे, महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५). वडिलांच्या निधनानंतर विदर्भातील देशपांडे कुटुंब एकत्र जमते. दुःखाच्या आडून जमीन, दागिने आणि खर्चाचे प्रश्न डोके वर काढतात. वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर घराची अवस्था न बोलता सांगतो. ज्यांच्या वाडीची वाटणी झाली आहे, त्यांना हे नाटक परके वाटणार नाही.

आता लेखनाची काही पथ्ये.

कथेत कुणाला तरी काहीतरी हवे असावे आणि ते मिळण्यात अडथळा असावा. ‘जमिनीचा प्रश्न’ हा केवळ विषय झाला. थोरल्या भावाला विहिरीकडील तुकडा विकावयाचा आहे आणि आई सही करीत नाही, ही कथा होय.

अडथळा आणणाऱ्या पात्राचीही बाजू खरी असावी. केवळ दुष्ट माणूस रंगमंचावर फार वेळ टिकत नाही.

शेवटच्या प्रवेशात कुणा पात्राच्या तोंडी प्रवचन घालू नये. प्रभू येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला आठवावा. थोरला मुलगा रागावून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालीत आहे आणि दाखला तेथेच संपतो. तो आत गेला की नाही, हे संत लूक आपणास सांगत नाही. उत्तर ऐकणाऱ्याने आपल्या अंतःकरणात शोधावयाचे असते.

संवाद लिहून झाले की मोठ्याने वाचावेत. वाचताना जीभ अडखळली, तर नटही तेथेच अडखळणार. जे कृतीतून दिसते, ते वाक्य खोडावे.

अखेरचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. गाव लहान असते आणि प्रेक्षक पात्रांमागची माणसे ओळखतात. कुणाच्या घरातील दुःख जसेच्या तसे उचलून त्या घराला मान खाली घालावयास लावू नये. दुःख खरे ठेवावे. नाव, घर आणि प्रसंग बदलावेत. बेणारेवर झालेला अन्याय पाहून हळहळणाऱ्या लेखकाने स्वतःच तसा खटला मांडू नये.

सणाला अजून अवकाश असतानाच लेखणी हाती घ्यावी. पहिला खर्डा फसला तरी खचून जाऊ नये. आपल्या गावाची गोष्ट आपण लिहिली नाही, तर ती दुसरे कोण लिहिणार?