लाल दगडाची कबुली

चोर्ला घाट उतरून आमच्या कॉलेजची सहल अनेकदा जुन्या गोव्याला गेली आहे. तेथील बॅसिलिका ऑफ बॉम जीझसच्या लालसर भिंतीसमोर उभे राहून मी दरवेळी विद्यार्थ्यांना सांगायचो, "बघा, चारशे वर्षांपूर्वीचे मूळ रूप!" ते चुकीचे होते, ही कबुली आज देतो.

चूक ध्यानात आली ती एका गवंड्यामुळे. खानापूरकडच्या आमच्या जुन्या घराची पश्चिमेची भिंत पावसाने पोखरली होती. गवंडीमामा म्हणाले, "सर, गिलावा पडला तेव्हाच हात लावायचा. जांभा पाणी पितो." मग मी बॉम जीझसचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला.

या चर्चचे बांधकाम 1594 साली सुरू झाले आणि 1605 मध्ये ते पूजेसाठी खुले झाले. भिंती स्थानिक जांभ्याच्या, तर दर्शनी भागातील खांब व नक्षीकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचे. आत सोन्याचा मुलामा दिलेली वेदी आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष. बाहेरून मात्र जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. शेजारचे से कॅथेड्रल आजही पांढरेशुभ्र आहे, तसाच. 1950 च्या सुमारास, पोर्तुगीज राजवटीतच, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून तो गिलावा काढला गेला. सच्छिद्र जांभा तेव्हापासून पावसाळ्यामागून पावसाळे झेलतो आहे.

निगा सुटली की काय होते, ते जवळच्या टेकडीवर दिसते. संत ऑगस्टीनचे भव्य चर्च 1835 मध्ये ओस पडले आणि सातच वर्षांत त्याचे छत कोसळले. आज तेथे सुमारे 46 मीटर उंचीचा एकाकी मनोरा उभा आहे.

बॉम जीझसला पुन्हा गिलावा करावा का, यावर गोव्यात मतभेद आहेत. लाल रूपच लोकांच्या डोळ्यांत बसले आहे, हेही खरे. 1986 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या वास्तूचा निर्णय तज्ज्ञांनीच करावा. पण छायाचित्रात सुंदर दिसते एवढ्यासाठी तिने भिजत राहावे, हे मला पटत नाही.

पुढच्या सहलीत मी विद्यार्थ्यांना आधी से कॅथेड्रल दाखवणार आहे आणि मग लाल भिंतीपाशी नेऊन विचारणार आहे, "हिच्या अंगावरचे काय गेले, सांगा पाहू?"