काठी, चर्मपत्र आणि कारभारी

इंग्लंडमधल्या खेड्याचा इतिहास पाहायला गेलं की लोक आधी चर्च दाखवतात, मग जमीनदाराचा वाडा. मी मात्र मॅनर कोर्टाच्या गुंडाळ्या दाखवीन. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम चर्चला मिळाला १५३८ साली. मॅनरच्या गुंडाळ्या तेराव्या शतकापासून आहेत. साधं कूळ नावानिशी भेटतं, भांडतं, दंड भरतं, मरतं, ते या गुंडाळ्यांत. त्या लिहून घेणारा माणूस म्हणजे स्टुअर्ड, जमीनदाराचा मुख्य कारभारी. गेली अनेक वर्षं या माणसाने मला झपाटलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मॅनर ही जमीनदाराची मालमत्ता: काही जमीन त्याच्या खासगी कसणुकीत, बाकीची कुळांकडे, शिवाय स्वतःचं कोर्ट. शेतीची रोजची कामं पाहणारा रीव्ह हा गावच्या कुळांपैकीच एक. बेलिफ पगारी कारभारी, मॅनरवर राहणारा. स्टुअर्ड या दोघांच्या वर. त्याच्याकडे बऱ्याचदा अनेक मॅनर असत आणि त्याला कायदा यावा लागे. ‘सेनेशॉसी’ या तेराव्या शतकातल्या पुस्तिकेत त्याने प्रत्येक मॅनरला वर्षातून दोन-तीनदा जावं असं सांगितलं आहे. आपल्या कुलकर्ण्यासारखा तो गावचा वतनदार नव्हता. घोड्यावरून यायचा, कोर्ट भरवायचा आणि पुढच्या गावाला निघायचा.

कोर्टात काय काय चाले! कुणाची गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरली, कुणी बांध कोरला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून बापाने जमीनदाराला किती द्यायचं, सगळं तिथेच. एल नावाची बार्लीची दारू घरोघरी बायका बनवत, आणि नियम मोडल्याचा दंड त्यांच्याकडून इतक्या नेमाने वसूल होई की तो एक प्रकारचा परवानाच झाला होता. त्या याद्यांमुळे शेकडो बायकांची नावं आणि त्यांचा धंदा आज आपल्याला कळतो. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या कागदाने खेड्यातल्या बाईची एवढी दखल घेतली असेल असं मला वाटत नाही.

पण माझा जीव अडकला आहे तो काठीत. कुळाला जमीन विकायची तर ती सरळ विकता येत नसे, कारण कायद्याने ती जमीनदाराची. मग कुळाने कोर्टात यायचं, स्टुअर्डच्या हाती काठी देऊन जमीन परत करायची आणि ती अमक्याच्या लाभासाठी परत करतो असं म्हणायचं. स्टुअर्ड तीच काठी नव्या माणसाच्या हाती देई. तो निष्ठेची शपथ घेई, नजराणा भरी आणि कारकून नोंद करी. त्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा पुरावा. म्हणून ही धारणा कॉपीहोल्ड.

इथेच मला स्टुअर्डच्या कामाचं मर्म दिसतं. त्याने लिहून घेतलं ते धन्याच्या वसुलीसाठी. पण एकदा लिहिलेलं धन्यालाही बांधू लागलं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजाचे न्यायाधीश कॉपीहोल्डरला संरक्षण द्यायला लागले, तेव्हा कुळाच्या हातात होती ती हीच नक्कल.

लंडनजवळ क्यू इथे नॅशनल आर्काइव्ह्जच्या वाचनकक्षात अशी गुंडाळी पहिल्यांदा उलगडली तेव्हा आधी हाताला जाणवला तो चर्मपत्राचा ताठपणा. सोडलं की लगेच मिटतं, म्हणून वजनं ठेवावी लागतात. भाषा लॅटिन, तीही तोडून तोडून लिहिलेली. क्रॉमवेलच्या काळातली काही वर्षं सोडली तर १७३३ पर्यंत हीच रीत. चिकाटी लागते, पण एकदा हात बसला की उठवत नाही.

हेल्सोवेनच्या मठाच्या गुंडाळ्यांमधली १३४९ ची पानं विशेष. कूळ मेलं की त्याचं सर्वांत चांगलं जनावर जमीनदाराचं, त्यामुळे अशा प्रत्येक मृत्यूची नोंद. प्लेगच्या त्या वर्षी नोंदींमागून नोंदी. झ्वी राझी या इतिहासकाराने त्यांतली माणसं एकमेकांशी जुळवून सुमारे ४० टक्के पुरुष दगावल्याचा अंदाज बांधला. कोर्ट मात्र भरत राहिलं.

या नोंदींचं बळ कुळांनाही पुरतं ठाऊक होतं. १३८१ च्या बंडात एसेक्समध्ये ठिकठिकाणी त्यांनी आधी गुंडाळ्या जाळल्या. सेंट ऑल्बन्सची गोष्ट तर सांगायलाच हवी. तिथला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा खगोलीय घड्याळ घडवणारा विद्वान. पण लोकांनी मठाच्याच गिरणीवर दळलं पाहिजे या हट्टापायी त्याने घराघरातली जाती जप्त केली आणि मठाच्या दालनात त्यांची फरशी घातली. जवळपास पन्नास वर्षांनी, त्या बंडात, गावकऱ्यांनी ती फरशी उखडली आणि दगडाचे तुकडे आपसांत वाटून घेतले.

१ जानेवारी १९२६ ला कॉपीहोल्ड संपलं. तोवर बहुतेक ठिकाणी स्टुअर्ड म्हणजे गावातला सॉलिसिटर, आणि गुंडाळ्या त्याच्या कपाटात. त्या रद्दीत जाऊ नयेत म्हणून त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं गेलं आणि कुठली गुंडाळी कुठे आहे याची नोंदवही तयार झाली. माझ्या मते इंग्रजांनी केलेल्या शहाण्या कायद्यांपैकी हा एक. वेकफील्ड मॅनरच्या १२७४ ते १९२५ पर्यंतच्या गुंडाळ्या आज लीड्स विद्यापीठात आहेत.

आणि नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्सटनला असं कोर्ट आणि मोकळ्या शेतांची जुनी पद्धत अजून टिकून आहेत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी मोकळी शेतं, मध्ये कुंपण नाही, प्रत्येकाच्या पट्ट्या वेगळ्या. मी गेलो तेव्हा गव्हाचे कोंब नुकते वर आले होते, आणि एक पट्टी कुठे संपून दुसरी कुठे सुरू होते ते मला काही केल्या दिसेना. तिथल्या शेतकऱ्याला ते चालता चालता दिसत होतं. नोव्हेंबरअखेर ज्युरी, म्हणजे शपथ घेतलेली गावची पंचमंडळी, गव्हाच्या शेतात फिरून हद्दीचे खुंट ठोकते. बांधाचं गवत कुणी नांगरलं असेल तर दंड ठरवते. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट भरतं. स्टुअर्ड हजेरी घेतो, दंड वाचले जातात, ज्याला मान्य नाही त्याने तिथेच उभं राहून बोलायचं. १९७७ च्या कायद्याने इतर गावांच्या अशा कोर्टांचे अधिकार काढले, लॅक्सटनचे ठेवले. दंड काही पौंडांचाच असतो, पण तो शेजाऱ्यांसमोर पुकारला जातो. आणि मग स्टुअर्ड पुढच्या वर्षाच्या ज्युरीला शपथ देतो.