विद्यापीठात आला ‘एआय’चा कारभारी!

निबंध मुलीने लिहिला की यंत्राने? वर्गात एआय चालेल की नाही? विद्यार्थ्यांची माहिती कोणत्या कंपनीच्या हाती जाते? या प्रश्नांची घडी बसवण्यासाठी परदेशातली विद्यापीठं आता खास बडा अधिकारी नेमू लागली आहेत.

समजा, तुमची लेक शिकायला कॅनडात आहे. चार रात्री जागून तिने निबंध लिहिला, वेळेत दिलाही. दोन दिवसांनी प्राध्यापकांचा निरोप येतो : ‘हे लिखाण यंत्राचं वाटतं, खुलासा करा.’ लेक तिकडे रडवेली, इकडे फोनवर आई-बाबांचा जीव टांगणीला. कर्ज काढून पाठवलेली पोर! आता दाद मागायची तरी कुणाकडे?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आलं, तेव्हा या प्रश्नाचं तयार उत्तर विद्यापीठांकडे नव्हतं. एका वर्गातले सर म्हणत, ‘खुशाल वापरा, फक्त वापरल्याचं नमूद करा.’ शेजारच्या वर्गात तेच केलं तर थेट शिस्तभंगाची कारवाई! संगणक विभागाचं मत एक, परीक्षा विभागाचं दुसरं, तर वकिलांचं तिसरंच. थोडक्यात, बारभाई कारभार.

या कारभाराला एक कारभारी हवा, हे लवकर ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅनडाची वेस्टर्न युनिव्हर्सिटी. हे विद्यापीठ आहे लंडनमध्ये. दचकू नका, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातही एक लंडन आहे! १८७८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ‘चीफ एआय ऑफिसर’ असं नवंकोरं पद निर्माण केलं आणि त्यावर मार्क डेली यांना पाच वर्षांसाठी बसवलं. डेली संगणकशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधी विद्यापीठाच्या डिजिटल यंत्रणेची धुरा त्यांच्याकडेच होती. म्हणजे फळ्यापुढचा वर्गही ठाऊक आणि पडद्यामागच्या ताराही.

पाठोपाठ २०२४मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने संगणकशास्त्राच्या प्राध्यापक अमार्दा शेहू यांना उपाध्यक्षपदाचा दर्जा देऊन हीच जबाबदारी दिली. लॉस एंजेलिसच्या ‘यूसीएलए’ने त्याच वर्षी चक्क ‘नासा’च्या प्रयोगशाळेत काम केलेले ख्रिस मॅटमन यांना बोलावलं.

पण हा अधिकारी करतो तरी काय? पहिलं काम नियमांचं. एआयची मदत कुठपर्यंत चालेल अन् लबाडी कुठून सुरू होते, ही रेघ सगळ्या विभागांना सोबत घेऊन आखायची. दुसरं काम खरेदीचं. कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते, लिखाण तिच्या हाती जाऊ द्यायचं का, हे ठरवायचं. तिसरं काम प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवण्याचं. चौथं काम मात्र सर्वांत नाजूक. यंत्राचा शब्द प्रमाण मानायचा की माणसाचा?

हा प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने एआय पकडणारं ‘टर्निटिन’चं तपासयंत्र ऑगस्ट २०२३मध्ये बंद करून टाकलं. कारण साधा हिशेब! शंभरात एखादीच चूक होते, असं कंपनीचं म्हणणं. विद्यापीठात २०२२ साली या यंत्रणेकडे तपासायला गेले होते ७५ हजार निबंध. म्हणजे सुमारे ७५० प्रामाणिक निबंधांवर खोटा शिक्का बसला असता.

आपल्या मुलांच्या दृष्टीने आणखी गंभीर बाब आहे. २०२३मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात तपासयंत्रं पारखली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी ‘टोफेल’ परीक्षेत लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी शंभरातले ६१ निबंध यंत्राने लिहिल्याचा निवाडा झाला! अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सहीसलामत सुटले. असं का व्हावं? पुढचा शब्द सहज ओळखता येतो ते लिखाण यंत्राचं, असा या तपासयंत्रांचा ठोकताळा. शिकून मिळवलेलं इंग्रजी बेताच्या शब्दांत, सरळ वाक्यांत लिहिलं जातं. तेच नेमकं अंगाशी येतं.

म्हणूनच नुसती नेमणूक पुरेशी नाही. एआय म्हणजे जादूची कांडी समजून पैसा ओतायला माणूस नेमला, तर ते पद शोभेचं ठरेल. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्या ४ लाख ६० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी चॅटजीपीटी आणत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘अंदाजपत्रकात तूट असताना हा खर्च कशाला?’ असा सवाल तिथल्याच प्राध्यापकांनी केला. असा सवाल ऐकून घेणं, उत्तर देणं आणि प्रसंगी ‘हे आपल्याला नको’ असं म्हणणं, हेही या अधिकाऱ्याचंच काम आहे.

मुलाला परदेशी धाडताना आपण वसतिगृह, जेवण, थंडीचे कपडे यांची बारकाईने चौकशी करतो. त्या यादीत आता आणखी तीन प्रश्न घाला. एआयबाबत विद्यापीठाचा लेखी नियम आहे का? त्याची जबाबदारी कोणावर आहे? आणि निव्वळ तपासयंत्राच्या भरवशावर मुलाला दोषी ठरवतात, की त्याचं म्हणणं ऐकायला कुणी समोर बसतं?

मुलालाही एक सवय लावा. निबंधाचे कच्चे खर्डे, टिपणं, तारखा जपून ठेवायच्या. उद्या कुणी बोट दाखवलं, तर तेच त्याचे साक्षीदार. कारभारी कितीही हुशार असला, तरी आपली कागदपत्रं आपल्यापाशी असलेली बरी!