सेटिंग जतन होत नाही तेव्हा

एसएपी या जर्मन कंपनीच्या व्यवसाय-प्रणालीत सेटिंग बदलून ‘सेव्ह’ केल्यावर येणारा नकार अनेकदा प्रणालीने जाणीवपूर्वक घातलेला अडसर असतो. एकच नोंद दोघांनी एकाच वेळी बदलू नये म्हणून ती बदलण्यासाठी प्रथम उघडणाऱ्याच्या नावे ‘लॉक’, म्हणजे तात्पुरते कुलूप, लागते आणि दुसऱ्याला त्या नावासह संदेश दिसतो. अशी कुलपे ‘एसएम१२’ या आज्ञेने पाहता येतात. मात्र संबंधित व्यक्तीला न विचारता ती काढणे घातक असते, कारण तिचे काम अर्धवट असल्यास एकाच्या बदलावर दुसऱ्याचा बदल चढून नोंदी विसंगत होतात आणि ही चूक कित्येकदा फार उशिरा उघडकीस येते. अधिकार अपुरे असल्यास ‘एसयू५३’ ही आज्ञा नेमकी कोणती परवानगी नाकारली गेली ते दाखवते. हा तपशील न जोडता केवळ ‘सेव्ह होत नाही’ एवढीच तक्रार पाठवणे म्हणजे सर्वांचाच वेळ दवडणे होय. दैनंदिन कामकाजाच्या, म्हणजे ‘प्रॉडक्शन’ प्रणालीत तर सेटिंगमधील बदल सहसा बंदच ठेवलेले असतात. ते विकास-प्रणालीत करून, चाचणीनंतर ‘ट्रान्सपोर्ट’द्वारे, म्हणजे बदलांच्या क्रमांकित संचाद्वारे, पुढे न्यावे लागतात.