एक्स्प्लेनर : संगीत नाटकाचा नायक बदलला की रसिक अस्वस्थ का होतात?
तळवडे आयटी पार्कमधली शिफ्ट संपवून चिंचवडच्या रामकृष्ण मोरे नाट्यगृहाचं तिकीट काढताना नाट्यरसिकाचा पहिला प्रश्न असतो, 'प्रमुख भूमिकेत कोण?'

कारण काय? संगीत नाटकात नटाला प्रत्यक्ष गावं लागतं. 'कट्यार काळजात घुसली'च पाहा. १९६७ मध्ये पं. वसंतराव देशपांडे यांनी खाँसाहेब गाजवले. २०१० मध्ये नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत आले. तुलना अटळ होती. २०१५ च्या चित्रपटात चेहरा सचिन पिळगांवकर यांचा, गाणं राहुल यांचं. रंगमंचावर ही सोय नाही. त्यात दौऱ्यावर गावं बदलतात, गळा तोच राहतो.

म्हणून शंका रास्तच. पण भूमिका नव्या गळ्यात उतरली नाही, तर नाटक फक्त आठवणीत उरतं.